दुसऱ्याची गाणी, आपला गळा



कामगार संघटनेच्या माणसाला वसंत व्याख्यानमालेने बोलावले म्हणजे तो महागाई भत्त्यावर बोलणार, अशी सर्वांची अटकळ असते. आज मात्र आम्ही एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेविषयी बोलणार आहो. विषय दिसतो तितका परका नाही. या तबकडीतून जो प्रश्न निघतो तोच आम्ही कारखान्यांच्या दारांत आजवर मांडीत आलो : काम कोणाचे, नाव कोणाचे आणि दाम कोणाला?

तबकडीचे नाव 'रॉक न् सोल'. ती १९६५ साली निघाली. गाणारे दोघे सख्खे भाऊ, डॉन आणि फिल एव्हर्ली. तीत बारा गाणी आहेत आणि त्यांतली बहुतेक पूर्वी दुसऱ्यांनी गाजविलेली. रॉक म्हणजे निग्रो वस्त्यांतील तालाचे गाणे आणि गोऱ्या खेडुतांचे गाणे यांच्या मिसळणीतून निघालेला प्रकार. सोल म्हणजे निग्रो देवळांतील भजनाची आर्तता संसाराच्या गाण्यात आणणारा प्रकार. तबकडीतले 'आय गॉट अ वूमन' हे रे चार्ल्स याचे १९५४ सालचे गाणे अशाच एका भजनावरून बेतलेले आहे.

आता हे भाऊ कोण? त्यांचे वडील आइक एव्हर्ली हे केंटकी राज्यातील कोळशाच्या खाणीत काम करणारे. डॉनचा जन्म १९३७ साली तिथल्याच ब्राउनी नावाच्या खाणवस्तीत झाला. आइक यांनी पुढे खाण सोडली, शिकागो गाठले आणि त्यानंतर आयोवात रेडिओवर सहकुटुंब गाऊन पोट भरले. ते गिटार वाजवीत ती अंगठ्याच्या ठेक्याने. ही विद्या त्या मुलखात पसरविली अर्नोल्ड शुल्ट्झ या निग्रो मजूर-वादकाने. त्याच्याकडून ती केनेडी जोन्स या गोऱ्या वादकाकडे आणि तेथून आइक यांच्या पिढीकडे आली. शुल्ट्झ १९३१ साली वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी मागे राहिली नाही. म्हणजे भावांनी निग्रो गायकांची गाणी घेतली त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या घरात एका निग्रो मजुराचे देणे होते.

दोघांच्या गाण्याची रीत आपल्या कानांना थोडी नवी वाटेल. आपल्याकडे मुख्य गाणारा पुढे आणि झीलकरी मागे. येथे मागे कोणीच नाही. डॉन खालचा स्वर धरतो, फिल वरचा. एक षड्जावर असला तर दुसरा गंधारावर, एक ऋषभावर गेला तर दुसरा मध्यमावर, आणि शब्द मात्र एकाच क्षणी दोघांच्या तोंडून सुटतात. दोन्ही ओळी इतक्या पुऱ्या असतात की कोणतीही एक सुटी गायिली तरी चाल वाटावी. हा जुळा स्वर अमेरिकेच्या डोंगराळ दक्षिणेतील भावाभावांच्या गाण्याचा. भावांनी तो रॉकच्या ठेक्यावर आणला आणि १९५७ पासून जगभर नाव मिळविले. इंग्लंडातील बीटल्स मंडळी त्यांचेच गाणे ऐकून जुळ्या स्वरात गावयास शिकली.

असे कीर्तिवंत गायक दुसऱ्यांची गाणी का गाऊ लागले? त्यांची उत्तम गाणी बूडलो व फेलिस ब्रायंट हे दांपत्य लिहीत असे. त्या गाण्यांचा प्रकाशक आणि या भावांचा व्यवस्थापक हा एकच इसम होता, वेस्ली रोज. म्हणजे मजुराचा वकील आणि मालकाचा मुकादम एकाच अंगरख्यात! १९६१ साली भावांनी दुसऱ्या प्रकाशकाचे गाणे घेतले. त्यावरून बिनसले आणि ब्रायंटांच्या गाण्यांचे दार सुमारे तीन वर्षे बंद झाले. तोवर काळ फिरला होता. १९६४ साली बीटल्स अमेरिकेत उतरले आणि शिष्यांनी गुरूंचे गिऱ्हाईक नेले. अशा वेळी भाऊ ज्या गाण्यांवर वाढले त्या गाण्यांकडे वळले.

तबकडी कशी आहे? आमच्या मते अर्धी उत्तम, अर्धी बरी. बडी हॉली १९५९ साली विमान अपघातात गेला. तो या भावांचा मित्र, आणि फिल त्याच्या अंत्यविधीस हजर होता. त्याचे 'दॅटल बी द डे' या दोन गळ्यांत शोभते. 'हाउंड डॉग' मात्र एकट्या, संतापलेल्या बाईचे गाणे आहे. ते दोन गोड गळ्यांनी वाटून घेतले की संताप हलका होतो. ब्रायंट यांचे 'लव्ह हर्ट्स' भावांनी १९६० साली संथ गायिले होते, येथे ते जलद केले आहे. आम्हांला जुनेच आवडते.

परंतु आमचे खरे लक्ष आहे ते तबकडीवर छापलेल्या नावांकडे. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर नसेल तर त्याने दिवसभर उपसलेले काम कायद्याच्या लेखी झालेलेच नसते. तबकडीवरचे नाव हा गाण्याचा हजेरीपट होय.

'मेबेलीन' हे चक बेरीचे १९५५ सालचे गाणे घ्या. मोटारीच्या कारखान्यात राबलेल्या या निग्रो तरुणाने गोऱ्या खेडुतांच्या 'आयडा रेड' या जुन्या गाण्यावरून ते रचले. म्हणजे उसनवारी दोन्ही बाजूंनी चालते. पण गाणे बाजारात आले तेव्हा रचनाकार म्हणून आणखी दोन नावे जोडलेली होती. त्यांतला एक अॅलन फ्रीड, रेडिओवर तबकड्या लावणारा वजनदार निवेदक. बेरीचे एकट्याचे नाव परत लागावयास १९८६ साल उजाडले. 'डान्सिंग इन द स्ट्रीट' हे डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचे. कंपनीचा संस्थापक बेरी गॉर्डी हा स्वतः मोटारीच्या कारखान्यात राबलेला. पण त्याच्याही तबकड्यांवर वादकांची नावे १९७१ पर्यंत येत नसत. आणि 'हाउंड डॉग' प्रथम गाजविले बिग मामा थॉर्नटन या निग्रो गायिकेने १९५३ साली. त्या गाण्याचे आपल्याला सारे मिळून पाचशे डॉलर मिळाले, असे ती सांगे. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्लीने ते गायिले आणि लक्षावधी प्रती खपल्या.

यात बेकायदा काहीच नव्हते, हे ध्यानात घ्या. १९०९ च्या अमेरिकन कायद्यान्वये एकदा मुद्रित झालेले गाणे कोणीही पुन्हा मुद्रित करावे. दर प्रतीमागे दोन सेंट रचनाकार-प्रकाशकांस द्यावेत, की झाले. हा दर १९७७ अखेर टिकला. पण ज्या गळ्याने गाण्याला प्राण दिला त्या गळ्यास काही नाही. आजही अमेरिकेतील साध्या रेडिओवर गाणे लागले तर रचनाकारास पैसे मिळतात, गाणाऱ्यास नाही.

मग उपाय नाही काय? आहे, आणि तो एकजुटीचा आहे. १ ऑगस्ट १९४२ रोजी जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. गायक त्या संघटनेत नव्हते. म्हणून कंपन्यांनी वाद्यांवाचून नुसत्या गळ्यांच्या तबकड्या काढून पाहिल्या. १९४४ च्या नोव्हेंबरात शेवटच्या बड्या कंपन्याही नमल्या आणि दर तबकडीमागे एक निधी वादकांसाठी जमू लागला. त्या संघटनेच्याही कित्येक शहरांत काळ्यांची शाखा वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी होती, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटगीतांचे गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा निर्मात्यास करारानेही लिहून घेता येऊ नये, असे ठरले. तेही मागणी लावून धरल्यावाचून झाले नाही.

हे भाऊ १९७३ साली भर कार्यक्रमात वेगळे झाले, १९८३ साली लंडनला पुन्हा एकत्र गायिले. फिल २०१४ साली आणि डॉन २०२१ साली निवर्तले. 'कॅथीज क्लाउन' या त्यांच्याच गाण्याचा रचनाकार कोण, यावर दोन घरांत कज्जा चालला. सख्ख्या भावांतही नावाचा हिशेब वेळीच लिहून ठेवलेला बरा!

दुसऱ्याचे गाणे गाणे हा गुन्हा नाही. शुल्ट्झपासून आइकपर्यंत आणि 'आयडा रेड'पासून 'मेबेलीन'पर्यंत गाणे असेच हातोहात चालत आले. तक्रार आहे ती ज्याचे घेतले त्याचे नाव पुसण्याबद्दल. तेव्हा आज घरी गेल्यावर जे गाणे आपल्या आवडीचे असेल ते कोणी लिहिले, कोणी बांधले, मागे कोण वाजवीत होते, एवढे शोधून पहा आणि मुलांना ती नावे सांगा.