वावटळ पाहताना

(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



झाशीकरांना मे महिन्याची दुपार समजावून सांगावी लागत नाही. पारा 45 अंशांवर जातो, लू वाहू लागते आणि माळावर धुळीचे खांब फिरू लागतात. आपली मुले घरी त्याला वावटळ म्हणतात, रस्त्यावर बवंडर. शब्द दोन्ही येतात; पण समोर काय दिसते आहे, हे त्यांना ओळखता येते का?

गतवर्षी आमच्या गच्चीवरून पहूज नदीच्या बाजूस असा एक उंच खांब मी पाहिला. शेजारची मुले मोबाइल घेऊन त्याच्याकडेच धावत सुटली. हाका मारून त्यांना परत आणले. खांब शेताच्या कडेने गेला, एका छपराचे पत्रे उडवले आणि विरला. मुले हिरमुसली, त्यांच्या मते तो फार लांब होता.

ही वावटळ निरभ्र आकाशाखाली, तापलेल्या जमिनीतून वर उठते. आंधी निराळी: गडगडाटी ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरते आणि धुळीची भिंत ढकलत आणते. घूर्णवात, म्हणजे टॉर्नेडो, तर ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला वाऱ्याचा भोवरा. तो परदेशातच होतो, हा समज खरा नाही. 17 मार्च 1978 रोजी येथून सुमारे 400 किलोमीटरवरील दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात तो अवघी काही मिनिटे फिरला आणि 28 माणसे दगावली. 2 मे 2018च्या आंधीने उत्तर प्रदेश व राजस्थानात शंभरहून अधिक बळी घेतले; आग्रा जिल्ह्याला सर्वाधिक झळ बसली. पुष्कळ लोक पडक्या भिंती व छपरांखाली सापडले.

म्हणून 'लांब आहे' हा अंदाज पारखून घ्यावा. दूरचे एखादे झाड निशाणी धरावे. खांब त्या झाडाच्या डावी-उजवीकडे सरकत असेल, तर तो बाजूने चालला आहे. तो जागचा हलत नाही, पण मोठा होत आहे, असे दिसले की तो आपल्याकडेच येतो आहे असे समजून आत जावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनाने भागावेत; ढगाचे अंतर किलोमीटरमध्ये कळते. मात्र गडगडाट कानी आला की गच्चीवर थांबू नये. पक्क्या घरात, खिडक्यांपासून दूर बसावे. झाडाचा किंवा जाहिरात फलकाचा आडोसा घेऊ नये.

पालकहो, वावटळीत भूत असते असे सांगून मुलाला घरात बसवणे सोपे आहे. पण त्या भीतीचा अंमल फार वर्षे टिकत नाही. वय वाढले की भीती जाते आणि मागे ज्ञानही उरत नाही. मुलांना पाहू द्यावे, मात्र कोठून पाहावे आणि केव्हा आत यावे हे आपण शिकवावे. उन्हाळ्यापूर्वी गच्चीवरील सैल पत्रे व टाक्यांची झाकणे मुलांच्याच मदतीने बांधून घ्यावीत. शाळेत भूगोलाच्या तासाला आम्ही हे शिकवूच. गच्चीवर मात्र मुलांजवळ आपण असता.