पटसंख्या आणि शाळेची गरज
(बिबवेवाडी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बिबवेवाडीच्या एका अंगाला सातारा रस्ता, दुसऱ्या अंगाला गुलटेकडीचे मार्केट यार्ड. डोंगरउतारावरील वस्त्यांत हमाल, कचरावेचक, बिगारी राहतात. बांधकाम संपले की बिगाऱ्याचे बिऱ्हाड हलते आणि त्याच्या मुलाचे नाव पटावरून जाते. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहते. अशा मुलांना सामावून घेणारी सरकारी शाळा लहानच राहणार; तिचा पट जूनमध्ये एक आणि दिवाळीनंतर दुसराच असणार.

आणि शाळा तोलली जाते ती नेमकी पटावर. २०१७ च्या डिसेंबरात राज्य शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करण्याचे ठरविले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळांचा विचार पुढे आला. त्या शाळा बहुतेक डोंगरी, दुर्गम भागांतल्या. पण दरडोई खर्चाचा तो हिशेब शहरातील वस्तीच्या दारीही येतो. चार इयत्तांची पाच मुले एकाच शिक्षकापुढे बसवण्यात शिक्षणाचे नुकसान आहे, हा शासनाचा मुद्दा खोटा नाही. मात्र त्याला उत्तर म्हणून दुसरा शिक्षक देता येतो. शाळाच काढून घेणे हा स्वस्त उपाय आहे, एवढेच.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येऊ शकत नाही, म्हणून त्यांनी शाळेची वेळ बदलली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. ती कायद्यात पुरती उतरायला २००९ साल उजाडले. त्या कायद्याचे चौथे कलम शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्यास सांगते. राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर ते अंतर लहान दिसते. सात वर्षांच्या मुलीला त्यात वाहनांनी भरलेला रस्ता ओलांडावा लागला, तर ती शाळा तिच्यापुरती बंदच.

याच कायद्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पक्षाच्या कार्यकर्त्यांचे काम येथे आहे. समितीची बैठक कामाच्या दिवशी दुपारी ठेवली, तर हमालाचा खाडा होतो आणि कचरावेचक बाईची मजुरी बुडते. ती बैठक दिवेलागणीनंतर, वस्तीतच घ्यावी, हा आग्रह पहिल्याच सभेत धरावा.