डबा कोणता परवडतो?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरं काय ऐकायचं! पण फिक्स्ड डिपॉझिट, नॉमिनेशन, मृत्युपत्र यावर मी याच हॉलमध्ये बोललो आहे, आणि तेव्हा ज्यांनी नॉमिनेशन केलं नव्हतं त्यांनी ते अजूनही केलेलं नाही. म्हणून आज अशा एका खर्चावर बोलतो, जो गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या विंगांमध्ये लिफ्टने वर आला. जेवणाऐवजी घ्यायची पावडर. कोणी शेक म्हणतं, कोणी प्रोटीन, कोणी नुसतंच ‘डबा’. पूर्वी डबा म्हटलं की पोळी-भाजी आठवायची.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. माझं काम फक्त गुणाकाराचं. तो करू.

समजा डबा ५०० ग्रॅमचा आहे आणि किंमत २००० रुपये. एका वेळेला २५ ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा, असं त्यावर लिहिलेलं असतं. म्हणजे डब्यात वीस पेले. एक पेला शंभर रुपयांचा. ‘सकाळ-संध्याकाळ घ्या, दुपारी जेवा’ असं सांगितलेलं असेल तर डबा दहा दिवसांत संपला. महिन्याला तीन डबे, सहा हजार रुपये. हे एका माणसाचं. नवरा-बायको दोघांनी सुरू केलं तर बारा हजार, आणि दूध वेगळं. विकणारा माणूस ‘दोन हजार’ एवढाच आकडा सांगतो. महिन्याचा आकडा आपणच काढायचा असतो, कर्जाच्या हप्त्यासारखा.

आता डब्याची मागची बाजू. चष्मा लावून, लागलं तर नातवाकडून मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचा. बऱ्याच डब्यांवर दोन रकाने असतात: एक नुसत्या पावडरीचा आणि दुसरा ‘दुधासह’. ठळक छापलेला प्रोटीनचा आकडा बहुधा दुसऱ्या रकान्यातला असतो. पाव लिटर दुधात साधारण आठ ग्रॅम प्रथिनं मुळातच असतात. ती आपल्या दूधवाल्याने दिलेली, कंपनीने नव्हे! आणि २५ ग्रॅम पावडरीतून मिळून मिळून किती उष्मांक मिळणार? साधारण शंभर. दूध धरून अडीचशेच्या आसपास. पोळी, भाजी, वरण, भात असं साधं ताट पाचशेच्या घरात जातं. म्हणजे शंभर रुपये देऊन आपण जेवण बदललं नाही, जेवण निम्मं केलं. वजन उतरतं ते बरंचसं त्यामुळे. उतरतं हे खरं आहे, ते नाकारत नाही.

घटकांची यादीही वाचा. जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त तो पहिला लिहावा, असा नियम आहे. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं आणि घरात मधुमेही असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय झाकण उघडू नका.

हे सगळं मी का सांगतोय? आपल्याच सोसायटीतले एक गृहस्थ मध्यंतरी पासबुक घेऊन माझ्याकडे आले. विचारत होते, ‘साहेब, एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात?’ मला वाटलं ऑपरेशन वगैरे आहे. तर ते सहा महिन्यांच्या पावडरीचं पॅकेज होतं! त्यांना ईपीएस ९५ ची पेन्शन आहे. या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला १००० रुपये आहे हे तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल, कारण कारखान्यातून निवृत्त झालेले बरेच जण त्याच योजनेत आहेत. आम्हा बँकवाल्यांचं त्या मानाने बरं चाललंय. पण हजारात आणि दोन हजारांत एक डबा, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

तो बसवला जातो, घरातल्या घरात. वहिनी स्वतःचं दूध बंद करतात. फळं ‘मला आवडत नाहीत’ होतात. गुडघ्याची गोळी एक दिवसाआड होते. नवऱ्याच्या पेल्यात प्रोटीन वाढतं आणि बायकोच्या ताटातलं कमी होतं. हे मी एका घरात नाही, तीन-चार घरांत पाहिलंय.

मग मंडळी म्हणतात, ‘परदेशात डॉक्टरच देतात!’ देतात, खरं आहे. ब्रिटनमध्ये प्रा. रॉय टेलर आणि प्रा. माइक लीन यांनी जो अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०१७ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे उष्मांक, फक्त सूप आणि शेक, तीन ते पाच महिने. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. मोठी गोष्ट आहे. पण तिथे इन्सुलिन घेणाऱ्यांना घेतलेलंच नव्हतं, आणि मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या. आपल्याकडे गोळी तीच चालू आणि जेवण गायब, मग साखर खाली जाऊन माणूस बाथरूममध्ये पडला तर जबाबदार कोण? शिवाय आज तिथली सरकारी आरोग्यसेवा ज्यांना हा आहार देते त्यांना तो बारा आठवडे फुकट देते, आणि पासष्टच्या पुढच्यांना त्यात घेतच नाही. इथे बसलेल्या बहुतेकांना तिथे प्रवेश नाही!

वजनच उतरवायचं असेल तर बिनपैशाच्या गोष्टी महाराष्ट्राला नवीन नाहीत. दीक्षित की दिवेकर, यावर याच कट्ट्यावर किती संध्याकाळी भांडणात गेल्या! दोघांचं पटत नसेल, पण डबा दोघांपैकी कोणीच विकत घ्यायला लावला नाही. कोणतं पाळायचं ते डॉक्टरांना विचारा. मी त्या वादात पडत नाही, सौ. दुसऱ्या पक्षात आहे.

‘पण प्रथिनं कमी पडतात’ असं म्हणाल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब धरला तर निरोगी माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम लागतात. चार पोळ्यांतून चौदा, वाटीभर उसळीतून आठ, वरणातून सात, अर्धा लिटर दुधातून सोळा आणि मूठभर शेंगदाण्यांतून सहा. एक्कावन्न झाले. अंडी खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं. याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, स्नायू कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळा असंही सांगितलंय.

आणि ज्यांना खरोखरच झटपट काहीतरी हवंय, दात नाहीत, भूक नाही, एकटे राहतात, त्यांच्यासाठी आपल्या आज्यांनी सोय करून ठेवली आहे: सातूचं पीठ. दोन वाट्या गहू, एक वाटी पंढरपुरी डाळं. गहू ४५ रुपये आणि डाळं १२० रुपये किलो धरलं तर मिश्रण सत्तर रुपये किलो पडतं. पन्नास ग्रॅमला साडेतीन रुपये. पाव लिटर दूध पंधरा रुपयांचं. गॅस आणि दळण धरून पेला वीस रुपयांत. त्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि सव्वातीनशे उष्मांक. साखरवाल्यांनी गूळ न घालता ताकात, जिरं-मीठ टाकून घ्यावं. ताकात प्रथिनं थोडी कमी मिळतील, पण चालेल.

डब्याची बाजूही सांगतो. डब्यात जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात, सातूत बी-१२ नसतं. पण बी-१२ कमी असेल तर त्याची गोळी मिळते, त्यासाठी रोज शंभर रुपये प्यायची गरज नाही. आणि काही आजारांत पावडरच लागते. मोठं ऑपरेशन झालेलं, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, नळीने अन्न घेणारे, यांनी माझं काहीएक ऐकू नये. किडनीच्या रुग्णांचं तर वेगळंच असतं, त्यांना प्रथिनं मोजूनच द्यावी लागतात. अशा वेळी डॉक्टरांना लाजू नका. तीन प्रश्न विचारा: किती दिवस घ्यायची? याच कंपनीची हवी की दुसरी चालेल? थोडी पावडर आणि थोडं घरचं असं चालेल का? पंधरा दिवस सांगितलेली पावडर वर्षभर चालू राहते, कारण थांबवायला कोणी सांगतच नाही. जनऔषधी केंद्रांच्या यादीत प्रोटीन पावडर असते. दुकानात शिल्लक आहे का, ते विचारून जा.

राहता राहिली विकणारी मंडळी. ती आपल्यातलीच असतात, कोणाची भाची, कोणाचा जावई. त्यांच्याशी भांडू नका. पण ‘तुम्हीही चार माणसं जोडा म्हणजे तुमचा डबा फुकट’ असं कोणी म्हटलं, तर केंद्र सरकारचे २०२१ च्या डिसेंबरमधले थेट विक्रीचे नियम ध्यानात ठेवा. माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना त्यांत बंदी आहे. विक्रेता म्हणून सही करून बसला असाल तरी ठरावीक मुदतीत दंड न भरता करार मोडता येतो. कागद आणि पावती जपून ठेवा, तोंडी काही चालत नाही.

कोणाला डबा घ्यायचाच असेल तर घेण्याआधी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो घेऊन संध्याकाळी सहानंतर गेटजवळच्या बाकावर या. गुणाकार मी करून देईन. आणि सातूचं पीठ करणार असाल तर गहू मंद आचेवर खमंग भाजा, गिरणीवाल्याला गव्हावरच दळायला सांगा. ज्वारीवर दळलं तर चव जाते, असं आमच्या घरचं मत आहे.