विमानाचा धूर आणि वर्षाचा हिशेब

शासकीय कारभारात अहवाल मागविणे ही नित्याची बाब आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरापासून मंत्रालयापर्यंत माहितीचे तक्ते सतत प्रवास करीत असतात. हे तक्ते कोणाच्या उपयोगी पडतात, असा प्रश्न ते भरणाऱ्याच्या मनात अनेकदा उभा राहतो. तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. अहवाल केव्हा मागावा आणि कसा मागावा, हे समजण्यासाठी अमेरिकेतील एका लहानशा अहवालाचा विचार उद्‌बोधक ठरेल. विमानांच्या इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या दूषित वायूंविषयीचा हा अहवाल आहे.

अमेरिकेच्या १९७० सालच्या स्वच्छ हवा कायद्याने विमानांच्या इंजिनांसाठी प्रदूषणाची मर्यादा ठरविण्याचे काम पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सोपविले. पहिली मानके १९७३ मध्ये निघाली. तथापि विमान आज एका देशात, तर उद्या दुसऱ्या देशात. तेव्हा प्रत्येक देशाने वेगळा नियम करून भागण्यासारखे नव्हते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८१ मध्ये या विषयावरील समान मानके स्वीकारली. भारत व अमेरिका हे दोन्ही देश या संघटनेचे सदस्य आहेत. मुंबई किंवा नागपूर येथे उतरणाऱ्या मोठ्या जेट विमानांची इंजिनेही याच मानकांच्या चौकटीत येतात.

मोजणीची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. इंजिन चाचणीमंचावर बसवून चार अवस्थांत चालविले जाते. उड्डाणासाठी पूर्ण रेटा ०.७ मिनिट, वर चढताना ८५ टक्के रेटा २.२ मिनिटे, उतरताना ३० टक्के रेटा ४ मिनिटे आणि जमिनीवर सावकाश चालताना ७ टक्के रेटा २६ मिनिटे, असा हिशेब धरला जातो. विमानतळाभोवती सुमारे ९१५ मीटर उंचीपर्यंत जी हवा दूषित होते, तिचा अंदाज यावरून येतो. इंजिन मंद चालत असता इंधन पुरते जळत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन अधिक निघतात. पूर्ण रेट्याच्या वेळी ज्वलनकक्षातील उष्णता वाढते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक तयार होतात. इंधन वाचविण्यासाठी दाब व तापमान वाढविले, तर हीच ऑक्साइडे वाढण्याचा संभव असतो. एका रकान्यातील सुधारणा दुसऱ्या रकान्यात दोष निर्माण करू शकते. म्हणून सर्व रकाने एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

परंतु चाचणी होते ती नमुन्याच्या इंजिनांची. त्या नमुन्याची दहा इंजिने बनली की हजार, हे चाचणीवरून कळत नाही. उत्पादकांनी स्वेच्छेने दिलेल्या चाचण्यांच्या आकड्यांचा एक आंतरराष्ट्रीय संग्रह उपलब्ध आहे. परंतु वार्षिक उत्पादनाचा हिशेब त्यात मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१२ सालच्या नियमाने अमेरिकेत वार्षिक अहवाल बंधनकारक झाला. २६.७ किलोन्यूटनपेक्षा अधिक रेट्याच्या जेट इंजिनांच्या उत्पादकांनी मागील वर्षाचा हा अहवाल २८ फेब्रुवारीपर्यंत सादर करावयाचा असतो. इंजिनाचा उपप्रकार, प्रमाणपत्राचा क्रमांक, लागू असलेले मानक, चाचणीचे आकडे आणि वर्षभरातील उत्पादनसंख्या ही माहिती त्यात असते. एखाद्या उपप्रकाराचे उत्पादन झाले नसेल तर तसेही कळवावे लागते. आपल्याकडील कार्यालयांत याला ‘निरंक अहवाल’ म्हणतात. तो अनेकांना निरर्थक वाटतो. पण जुने, अधिक धूर सोडणारे इंजिन बनणे थांबले की नाही, हे त्या शून्यावरूनच कळते.

त्याच नियमाने नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा कडक केली. ३१ डिसेंबर २०१२ नंतर जुन्या मर्यादेचे इंजिन विशेष सवलतीशिवाय बनविता येऊ नये, अशी तरतूद केली. सवलत दिली, तर ती किती इंजिनांना दिली हे मोजले गेले पाहिजे. अन्यथा अपवाद हाच नियम होऊन बसतो. पुढे काजळीच्या अतिसूक्ष्म कणांसाठीही आंतरराष्ट्रीय मानके झाली आणि २०२२ मध्ये अमेरिकेने ती आपल्या नियमांत समाविष्ट केली.

या व्यवस्थेतील दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. उत्पादकाचे व्यापारी गुपित कायद्याने सुरक्षित राहते. मात्र प्रदूषणाचे आकडे गुपित म्हणून झाकता येत नाहीत. हवा सर्वांची आहे, म्हणून तिच्यात काय मिसळते हे जाणण्याचा हक्कही सर्वांचा आहे. दुसरी गोष्ट शासनाने स्वतःवर घातलेल्या बंधनाची. १९८० सालच्या एका कायद्यानुसार अमेरिकेतील संघराज्याच्या खात्यांना अशी माहिती मागविण्यापूर्वी ती का हवी, भरणाऱ्याचे किती तास खर्ची पडतील, हे राजपत्रात जाहीर करून लोकांची मते मागवावी लागतात. मंजुरी मिळते ती जास्तीत जास्त तीन वर्षांची. मुदत संपली की गरज पुन्हा पटवून द्यावी लागते.

अहवाल हे कारभाराचे ओझे होते की डोळे होतात, हे अशा दंडकांवर अवलंबून असते. माहितीचा उपयोग आधी ठरलेला असावा, रकाने मोजकेच असावेत, शून्यालाही स्थान असावे आणि लोकहिताचे आकडे लोकांना खुले असावेत. पाणीपुरवठ्याचे विवरण असो वा शाळेचे हजेरीपत्रक, तक्ता मागविणाऱ्याने प्रथम हे प्रश्न स्वतःला विचारले, तर तो भरणाऱ्याचे श्रम सार्थकी लागतील आणि दप्तरातील आकड्यांचे मोल वाढेल.