भूपात म नाही

मी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडे सुपारी येते ती अशी: "शनिवारी मोकळा आहेस ना? अभंगांचा कार्यक्रम आहे." फोन करणाऱ्यानं आजवर मला हिंदी सिनेगीतं वाजवतानाच ऐकलेलं असतं.

अशा वेळी तयारी म्हणजे नवे टोन, नवे तुकडे गोळा करणं, असं बहुतेकांना वाटतं. मला वाटतं, या गाण्यात काय वाजवायचं नाही, ते आधी शोधावं.

भूपातलाच एखादा अभंग घ्या. सा, म आणि प यांच्या तीन कॉर्ड आमच्या बोटांत मुरलेल्या असतात; पांढरी एक पट्टी धरली तर सी, एफ आणि जी. पण भूपात म आणि नि वर्ज्य. एफच्या कॉर्डमध्ये म बसलाय, जीच्या कॉर्डमध्ये नि. गायक जे दोन स्वर कटाक्षानं टाळतोय, तेच आम्ही मागून स्ट्रिंग्जच्या भरघोस आवाजात ऐकवायचे! राग न ओळखणाऱ्यालाही ते खटकतं. तिथं सा-प धरावा, फार तर ध-सा-ग घ्यावा, आणि गायकाच्या ओळीचं शेपूट उजव्या हातानं हलकेच उचलावं.

तानपुरा लागलेला असेल तर गंधारही जपून. कीबोर्डवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं. या हिशेबानं त्याचा शुद्ध ग तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. धावत्या तानेत हे कळत नाही, लांबवलेल्या स्वरात मात्र कान दुखतो. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. पेटीचे स्वर बांधलेले, तिच्यातून मींड निघत नाही, हा त्यामागचा मोठा आक्षेप. बंदी मला पटत नाही, पण आक्षेप खरा होता, आणि कीबोर्डवाल्यानं तो मनावर घ्यायलाच हवा.

लावणीत गाळायचं ते वेगळं. तिथं डाव्या हाताचा बास ढोलकीच्या घुमाऱ्यावर चढतो, म्हणून डावा हात उचलायचा. दोन ओळींमधली जागाही ढोलकी आणि घुंगरांची.

गोव्यात मांडो या गीतप्रकाराला साथ करायची तर सगळंच पालटतं. तिथं कॉर्ड हवीच, कारण स्वरमेळ गाण्यातच आहे: दोन आवाज तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराचं अंतर राखून बरोबरीनं चालतात. घुमट या तालवाद्याच्या साथीला यंत्रातला तयार ठेका अजिबात लावू नये. मांडो नवा असेल तर तालमीला गेल्यावर दुसरा आवाज कोण गातंय ते विचारावं, त्यांच्या शेजारी बसून तो स्वतः गुणगुणून पाहावा, आणि मगच कीबोर्ड सुरू करावा.