आभाळाची लाली

मंडळी, आपल्या हेदवीला बामणघळीत भरतीचं पाणी कसं उसळतं, ते तुम्हांला सांगायला नको. सूर्याकडूनही अशी लाट येते. ती पाण्याची नसते, विजेने भारलेल्या बारीक कणांची असते.

पृथ्वी म्हणजे मोठा लोहचुंबकच. ते कण ध्रुवांकडे वळतात, वरच्या हवेवर आदळतात आणि हवा उजळते. हाच ध्रुवप्रकाश. वादळ फार मोठे असले, तर तो खूप खालपर्यंत दिसतो. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तो थेट मुंबईत दिसला! पहाटे तीनच्या सुमारास रंग गर्द जांभळा झाला, असे वर्तमानपत्रात आले. आपल्या खापरपणज्यांनी बघितला असता, तर काय म्हणाले असते? आग म्हणावी, तर धूर नाही!

पूर्वी कुलाब्याच्या वेधशाळेत या वादळांची मोजणी होई. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या. विजेपायी चुंबकसुई उगाच हलेल, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागेस नेले. तिथे ते आजही चालते.

मे २०२४ मध्ये असेच वादळ आले. लडाखात हानले गावी आभाळ लाल झाले. इथे हेदवीला काहीच दिसले नाही. अलिबागेच्या यंत्रांना मात्र ते कळले.