मोठा कॅमेरा कीं खिशांतला?



भिंतीवरचें घड्याळ चांगलें कीं मनगटावरचें, असा प्रश्न आपल्याला कोणी विचारीत नाहीं. एक घराला वेळ सांगतें, दुसरें आपल्याबरोबर हिंडतें. दोहोंचीं कामें निराळीं, हें आपण धरूनच चालतों. कॅमेऱ्याच्या बाबतींत मात्र हें शहाणपण आपल्याला अजून साधलेलें नाहीं. घरांत कॅमेरा घ्यावयाची गोष्ट निघाली, कीं तरुण मंडळी भिंगें बदलतां येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याची बाजू घेतात. वडील मंडळी 'एवढें ओझें वागवणार कोण?' असें विचारून खिशांत मावणाऱ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवितात. दुकानदार दोन्ही पक्षांना मान डोलावतो आणि अखेरीस जें महाग असेल तें पुढें करतो. या वादांत कोणता पक्ष खरा, हें सांगण्याआधीं दोन्ही कॅमेरे काय करूं शकतात आणि आपल्यापासून काय मागतात, तें पाहूं.

मोठ्या कॅमेऱ्याचें धड वेगळें आणि डोळा वेगळा. धड एकच राहतें. प्रसंगाप्रमाणें डोळा, म्हणजे भिंग, बदलतां येतें. खिशांतल्या कॅमेऱ्याला निसर्गानें आपल्याला दिले तसे डोळे कायमचे बसविलेले असतात. ते काढतां येत नाहींत. तांत्रिक भेद मुळांत एवढाच. बाकीचें सारें त्याच्यामागून येतें.

पण मोठा आणि छोटा हे शब्दही किती चंचल आहेत पहा. जर्मनींतील वेट्झलार गांवीं लाइट्झ यांच्या कारखान्यांत ओस्कार बार्नाक नांवाचा यंत्रज्ञ काम करीत असे. त्याला छायाचित्रांचा नाद होता आणि दम्याची व्यथा होती. कांचेच्या प्लेटांचा त्या काळचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणें त्याला झेपेना. तेव्हां त्यानें सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर उंच अशी चौकट ठरविली, आणि १९१३-१४ च्या सुमारास हातांत सहज मावणारा एक नमुना तयार केला. मध्यें पहिलें महायुद्ध आलें. पुढें १९२५ सालीं लाइपझिगच्या प्रदर्शनांत तो कॅमेरा 'लायका' या नांवानें लोकांपुढें आला. १९३० पासून त्याचीं भिंगेंही बदलतां येऊं लागलीं. आज तीच ३६ गुणिले २४ ची चौकट 'फुल फ्रेम' हें भारदस्त नांव धारण करून मोठ्या कॅमेऱ्यांत नांदत आहे. दमेकऱ्याच्या सोयीसाठीं जें माप छोटें म्हणून निवडलें गेलें, त्यालाच शंभर वर्षांनीं आपण मोठें म्हणतों!

आतां मोठ्या कॅमेऱ्याचे गुण. पहिला गुण प्रकाशाचा. पावसांत अंगणामध्यें एक परात आणि एक वाटी ठेवली, तर सर सारखीच असूनही परातींत पाणी अधिक सांठतें. कॅमेऱ्याच्या पोटांत प्रकाश झेलणारें जें पटल असतें, ज्याला सेन्सर म्हणतात, त्याचा न्याय हाच. फुल फ्रेमच्या पटलाचें क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. स्वस्त खिशांतल्या कॅमेऱ्यांत सर्रास आढळणारें पटल सुमारें २८ चौरस मिलिमीटरांचें. जवळजवळ तीस पटींचा फरक! दुपारच्या उन्हांत घेतलेलीं दोघांचीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर कोणतें कोणाचें हें सांगणें कठीण जाईल. परंतु सायंकाळची आरती, पणत्यांनीं उजळलेला ओटा, नाटकाचा रंगमंच अशा मंद उजेडाच्या ठिकाणीं वाटीचें दारिद्र्य उघडें पडतें. चित्रावर रवा सांडल्यासारखे कण दिसूं लागतात आणि चेहऱ्यांवरचे बारकावे पुसले जातात.

दुसरा गुण पल्ल्याचा. भिगवणला उजनी धरणाच्या पाणपसाऱ्यावर हिवाळ्यांत रोहित पक्षी येतात. त्यांच्याजवळ जाऊं म्हटलें तर ते उडून जातात. दुरून पाहूं म्हटलें तर साध्या भिंगाला ते गुलाबी ठिपक्यांएवढे दिसतात. त्याच जागीं उभें राहून ५० मिलिमीटरऐवजीं ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचें भिंग लावलें, कीं पक्षी आठपट मोठा होतो. खिशांतल्या कॅमेऱ्याचें भिंग पुढें सरकतें तेथपर्यंत त्याचा पल्ला खरा. त्यापुढें 'डिजिटल झूम' म्हणून जें मिळतें, तें निव्वळ चित्राचा मधला तुकडा कापून ताणणें होय. तिसरा गुण असा, कीं मोठें पटल आणि मोठ्या प्रकाशद्वाराचें भिंग यांच्या योगानें चेहरा रेखीव ठेवून मागची गर्दी धूसर करतां येते. लग्नमंडपाच्या गजबजाटांतून एकटी नववधू वेगळी काढावयाची, तर हें साधन हवें.

गुण झाले, आतां त्यांची किंमत. ती केवळ रुपयांत द्यावी लागत नाहीं. आरशाच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचें धड पाऊण ते एक किलो वजनाचें. त्याला २४ ते ७० मिलिमीटरचें, अंधुक उजेडांतही चालणारें भिंग लावलें कीं आणखी सुमारें पाऊण किलो. दूरचें पाहणारें ७० ते २०० चें तसेंच भिंग दीड किलोच्या घरांत. म्हणजे पिशवी तीन किलोंवर गेली. अलीकडे आरसा नसलेले कॅमेरे आले आहेत आणि त्यांचीं धडें हलकीं झालीं आहेत. परंतु प्रकाश जास्त हवा तर कांच मोठी हवी, हा नियम कोणालाही मोडतां आलेला नाहीं. शिवाय भिंग बदलतांना धुळीचा कण आंत शिरतो आणि पटलावर बसून प्रत्येक चित्राच्या आभाळांत काळा ठिपका काढतो. कोंकणांतील व मुंबईंतील पावसाळ्यांत कपाटांत पडून राहिलेल्या भिंगांवर बुरशी चढते. जितकीं भिंगें अधिक, तितकी राखण अधिक. आणि पुष्कळ घरांतून असें दिसतें, कीं कॅमेऱ्याबरोबर आलेलें एक साधें भिंग जन्मभर त्याला चिकटून राहतें. दुसरें कधीं घेतलेंच जात नाहीं. भिंग बदलावयाचें नसेल, तर भिंग बदलतां येण्यासाठीं मोजलेले पैसे आणि वाहिलेलें ओझें हीं दोन्ही फुकट गेलीं, असें म्हटलें पाहिजे.

याउलट खिशांतल्या कॅमेऱ्यांनीं आपलें दारिद्र्य बरेंच कमी केलें आहे. २०१२ सालीं सोनीनें आर-एक्स-१०० हा लहानसा कॅमेरा काढला. त्यांतील पटल सुमारें ११६ चौरस मिलिमीटरांचें, म्हणजे त्या स्वस्त वाटीच्या चौपट होतें. या मापाला बाजारांत 'एक इंची' म्हणतात. त्याची एकही बाजू इंचभर भरत नाहीं, हा भाग वेगळा. २०१९ सालीं निघालेल्या रिकोच्या जी-आर-थ्री या कॅमेऱ्याचें वजन सेलासकट सुमारें पाव किलो. पण त्याच्या पोटांत पुष्कळशा भिंगबदल कॅमेऱ्यांत असतें तेवढेंच, सुमारें ३६५ चौरस मिलिमीटरांचें पटल बसविलेलें आहे. त्यासाठीं त्यानें झूमचा त्याग केला आहे. त्याला एकाच नाभीय अंतराचें भिंग. म्हणून दुकानांत गेल्यावर पटल किती मिलिमीटरांचें, हा प्रश्न आधीं विचारावा. मेगापिक्सेलांच्या मोठ्या आंकड्यांना भुलूं नये. सहा गुणिले चार इंचांचा फोटो छापतांना इंचामागें ३०० ठिपके धरले, तरी २१ लाख ६० हजार ठिपके पुरतात. आजच्या साध्या कॅमेऱ्यांतही त्यांची संख्या कोटींच्या घरांत असते.

येथवर आपण यंत्रांविषयीं बोललों. पण ज्याचें चित्र घ्यावयाचें, त्या माणसाचें काय? कॅमेरा केवढा, हें त्यालाही दिसत असतें. गांधीजींचीं दोन परदेशी छायाचित्रकारांनीं घेतलेलीं चित्रें या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत. 'लाइफ' साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६ सालीं पुण्यास गांधीजींचें चित्र घेण्यासाठीं आली. आधीं चरखा चालविण्यास शिका, अशी तिला अट घालण्यांत आली. खोलींत उजेड कमी, म्हणून फ्लॅशचे तीन दिवे वापरण्याची परवानगी तिला मिळाली. पहिले दोन प्रयत्न फसले आणि तिसऱ्या वेळीं चरख्याजवळ बसून वाचणाऱ्या गांधीजींचें तें प्रसिद्ध चित्र साधलें, असें तिनें सांगितलें आहे. ती बैठक ठरलेली होती, वेळ नेमलेली होती, उजेड बरोबर आणलेला होता. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराची रीत अगदीं निराळी. त्याच्या हातीं छोटा लायका. भिंगें बदलण्याची सोय असूनही तो बहुधा ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगावर काम भागवी, आणि चकाकीनें कोणाचें लक्ष जाऊं नये म्हणून कॅमेऱ्याचे चमकणारे भाग काळ्या पट्टीनें झांकी. ३० जानेवारी १९४८ रोजीं तो दिल्लीस गांधीजींना भेटून गेला आणि त्याच सायंकाळीं त्यांची हत्या झाली. त्यानंतरच्या शोकाकुल गर्दीचीं त्यानें घेतलेलीं चित्रें जगभर पाहिलीं गेलीं. त्या गर्दींत बैठक मांडण्यास कोणाला सवड होती? दोन्ही चित्रकार थोर. पण एकाचें साधन दुसऱ्याच्या कामीं आलें नसतें.

आपल्या घरांतही हेंच घडतें. मोठा कॅमेरा रोखला, कीं आजी पदर सावरते, हातांतलें काम बाजूला ठेवते आणि फोटोसाठीं म्हणून एक चेहरा धारण करते. नातू अधिकच वांकडें तोंड करतो. खिशांतून निघालेल्या कॅमेऱ्याची आजीला दखलही नसते; ती भाजी निवडीतच राहते. पुढें कधींतरी आजी नाहींशी होते. मग आपण चित्रें शोधूं लागतों, तेव्हां लग्नांतल्या, शालू नेसलेल्या, ताठ बसलेल्या आजीचीं पांच-पन्नास चित्रें सांपडतात. पण चष्मा नाकावर घसरलेला आहे आणि मांडीवर मेथीची जुडी आहे, अशी रोजची आजी एकाही चित्रांत नसते. तिचें चित्र घेणें अवघड नव्हतें. कॅमेरा कपाटांत होता, एवढेंच.

येथें कोणी म्हणेल, त्यासाठीं हातांतला फोन आहेच कीं! आक्षेप खरा आहे. जपानी कारखानदारांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारांत गेले होते. २०२० सालीं ती संख्या एक कोटीच्याही आंत आली. फोननें मुख्यतः खिशांतल्या स्वस्त कॅमेऱ्यांचाच ग्रास केला. तो एका क्षणांत अनेक चित्रें घेतो आणि गणितानें त्यांचें एक चित्र बनवितो. त्यामुळें लहान पटलाची उणीव पुष्कळशी झांकली जाते. म्हणून ज्याचें पटल फोनपेक्षां मोठें नाहीं आणि ज्याच्या भिंगाचा पल्लाही फोनपेक्षां लांब नाहीं, असा खिशांतला कॅमेरा विकत घेण्यांत आतां अर्थ उरलेला नाहीं.

तर मग निकाल काय? जो माणूस चित्रें घेण्यासाठीं म्हणून मुद्दाम घराबाहेर पडतो, पहांटे उठून पक्ष्यांच्या मागें जातो, नाटकांचीं वा खेळांचीं चित्रें घेतो, त्यानें मोठाच कॅमेरा घ्यावा. मात्र आधीं आपल्या कामाचें भिंग निवडावें आणि त्याला साजेसें धड मागाहून पहावें. आपण बहुतेक जण नेमकें उलट करतों. जो माणूस संसार करतां करतां, प्रवास करतां करतां चित्रें घेतो, त्यानें चांगल्या पटलाचा खिशांतला कॅमेरा घ्यावा आणि त्याबद्दल मनांत कमीपणा मानूं नये. ज्याचा निश्चय होत नाहीं, त्यानेंही छोट्यापासूनच आरंभ करावा. वर्षभरांत उजेडापाशीं कीं अंतरापाशीं आपली अडचण होते, हें त्याला आपोआप कळेल. मग ती अडचण दूर करील तेवढेंच सामान त्यानें घ्यावें.

इतकें सांगूनही मोठ्या कॅमेऱ्याचा मोह सुटत नसेल, तर एक बिनखर्चाची परीक्षा सुचवितों. दुकानांत जाण्यापूर्वीं आठ दिवस तीन किलो साखरेची पिशवी खांद्याला अडकवून हिंडावें. कचेरींत, बाजारांत, नातलगांकडे, गडावर, सगळीकडे ती बरोबर न्यावी. आठव्या दिवशींही ती खांद्यावरच असेल, तर मोठा कॅमेरा खुशाल घ्यावा. तिसऱ्याच दिवशीं ती स्वयंपाकघरांत परतली, तर साखर डब्यांत ओतावी आणि छोटा कॅमेरा घ्यावा. कोणताही घेतलात, तरी येत्या रविवारीं सकाळीं आजी भाजी निवडीत असेल तेव्हां तो हाताशीं असूं द्या.